हाताला चिकटलेले इंग्रजी

त्या स्वयंपाकघरात सकाळचे ऊन थेट कधीच येत नसे. खिडकी पश्चिमेची. सूर्य उगवला की त्याचा पहिला उजेड समोरच्या उंच इमारतीच्या काचांना मिळे, तिथे तो जरा टेके, आणि मग उरलेसुरले तेज रस्ता ओलांडून इकडे येई. शेजारच्या घरून वाटीत घालून आणलेल्या साखरेसारखे, मोजके आणि मागून घेतल्यासारखे. आधी ते सर्वांत वरच्या फळीवर, वर्षानुवर्षे कोणी खाली न काढलेल्या मोठ्या पातेल्याच्या काठावर उमटे. मग डब्यांच्या झाकणांवरून हळूहळू खाली उतरू लागे. प्रत्येक झाकणाशी थबके, जणू आत काय आहे ते विचारायचे आहे आणि धीर होत नाही. डब्यांखालच्या भिंतीवर ओल येऊन गेल्याचा एक फिकट डाग होता; त्यावर उजेड आला की तो डाग काही क्षण एखाद्या नकाशासारखा शहाणा दिसे. समोरच्या इमारतीत कोणी खिडकी उघडली, की उजेडाचा हा सगळा तुकडा उचलला जाऊन छतावर नाहीतर दाराच्या कडीवर आपटे, आणि खिडकी जागेवर आली की काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने परत येऊन बसे. शेवटी तो टेबलावर उतरे. तिथे त्याला चहाची वाफ सापडे. वाफेला स्वतःचा आकार नसतो आणि त्या उजेडाला स्वतःचे घर नव्हते. दोघे थोडा वेळ एकमेकांच्या आधाराने दिसत राहत.

मुलगा हे रोज पाहत असे. तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करी, त्यामुळे उजेड कुठून येतो आणि कुठे वळतो हे त्याला चांगले कळे. माणसांच्या बाबतीत त्याची नजर एवढी तयार नव्हती. तळमजल्यावरचे इस्त्रीवाले काका त्याला घुम्या म्हणत. घुम्याचे वय लग्नाचे आहे आणि चेहरा पेन्शनचा, असे त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी जिन्यात अनेकांना ऐकवले होते.

"पे अटेन्शन टु द मिल्क," आई म्हणाली.

त्याने पाहिले. दूध उतू गेले होते.

"गेलं ते," आई म्हणाली, आणि फडके उचलून शेगडी पुसता पुसता तिने पुढचे वाक्य घेतले. सांडलेल्या दुधाची विल्हेवाट लावण्यासाठी जे इंग्रजी लागते ते, म्हणजे 'गेट रिड ऑफ', तिला फडके हातात येताच आपोआप सुचे. तिचे सगळे इंग्रजी असेच होते. ते तिच्या डोक्यात राहत नसे, हातात राहत असे. आणि ही व्यवस्था मुलाने केली होती.

झाले होते असे. आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, परदेशात एका वृद्धाश्रमात काम करत होती. तिथे आणखी एका बाईची गरज होती. आईने आधी सासूला आणि नंतर नवऱ्याला अंथरुणावर सांभाळले होते; दोघेही आपापल्या वेळी गेले, आणि उठवणे, बसवणे, भरवणे, पुसणे या कामांत तिच्याइतका हात कोणाचा बसलेला नसेल. तेव्हा कामाचा प्रश्न नव्हता. प्रश्न बोलण्याचा होता. तिथल्या संचालिका महिनाअखेरीस कॉम्प्युटरवर समोरासमोर मुलाखत घेणार होत्या, इंग्रजीतून. आई पास झाली तर ती जाणार, आणि दोन खोल्यांत मुलगा एकटा राहणार. नापास झाली तर सगळे होते तसे.

मुलगा स्वतःला आणि जगाला एकच गोष्ट सांगत आला होता, की आई मावशीच्या आग्रहाला बळी पडली आहे. धाकट्या बहिणीला नाही म्हणणे तिच्या स्वभावात नाही, एवढेच. मुलाखत फसली तर तिच्याच डोक्यावरचे ओझे उतरेल. हे त्याने दुकानाच्या मालकांना सांगितले होते, इस्त्रीवाल्या काकांना सांगितले होते, आणि रोज सकाळी चहा गार होईपर्यंत स्वतःला सांगत होता. आईला मात्र विचारलेले नव्हते. ज्या गोष्टी उघड असतात त्या विचारून माणसाला अवघडवू नये, असे त्याचे मत होते.

तरीही शिकवण्यात त्याने कसूर केली नाही. तो पदवीधर होता आणि इंग्रजी त्याला उत्तम येत असे. फक्त ते तोंडाने बाहेर येत नसे. दुकानात एखादे परके गिऱ्हाईक इंग्रजीत बोलू लागले की तो मागच्या खोलीत जाऊन यंत्र सुरू करी. मावशीने एक जाडजूड पुस्तक पाठवले होते. रोजच्या बोलण्यात एक क्रियापद, एक नाम आणि एक शब्दयोगी अव्यय अशी तीन भावंडे कशी हातात हात घालून हिंडतात, याचेच ते पुस्तक. ही वाक्ये आली की बाकीचे निभावते, असे मावशीचे म्हणणे.

अडचण अशी होती, की पुस्तक उघडले की आईला झोप येई. वरवरची नव्हे, गाढ. दुसऱ्या ओळीवर मान पडे, तिसऱ्या ओळीवर घोरणे लागे. इतके, की दुपारी डोळा लागत नसेल तेव्हा ती आपणहून म्हणे, "अरे, ते पुस्तक दे जरा."

तेव्हा मुलाने युक्ती काढली. पुस्तक बंद. ज्या वाक्याचे काम हातात असेल तेच वाक्य म्हणायचे, आणि काम नसेल तर तोंड उघडायचे नाही. चमच्याने पातेल्याच्या काठावर दोनदा टकटक केले, की 'पे अटेन्शन टु'. टेबलावरची भांडी कोपराने बाजूला सारली, की 'मेक रूम फॉर'. धोब्याकडचे कपडे मोजून घेताना 'कीप ट्रॅक ऑफ'. शिळ्या भाताचे काहीतरी करताना 'मेक यूज ऑफ'. आणि कपबशी दोन्ही हातांनी उचलली की 'टेक केअर ऑफ', कारण ती कपबशी सासूच्या वेळेची होती आणि तिच्याबद्दल या घरात सर्वांना कायम तेवढेच सांगितले गेले होते.

युक्ती लागू पडली. नको तेवढी लागू पडली. पंधरवड्यात सगळे घर इंग्रजीत चालू लागले. आईला लाज अशी नव्हतीच. चुकले तर चुकले, बोलायला कर कुठे लागतो, असे ती म्हणे. ती खिडकीतून ओणवून भाजीवाल्याला इंग्रजीतून लक्ष द्यायला सांगू लागली, आणि भाजीवाला देऊ लागला. इस्त्रीवाले काका कपडे द्यायला वर आले, तर कपड्यांच्या गठ्ठ्याला जागा करण्याचे वाक्य त्यांच्याच अंगावरून गेले. ते दारात उभे राहिले.

"वहिनी, हे काय म्हणालात?"

आईने अर्थ सांगितला. काकांनी तो मनात घोळवला.

"आमच्या घरी हे वाक्य फार उपयोगी पडेल," ते म्हणाले. "सासुरवाडीची मंडळी आलीयेत." आणि जिना उतरता उतरता ते वाक्य पाठ करत गेले. त्यानंतर दोन दिवस खालून इस्त्रीच्या वाफेबरोबर 'मेक रूम फॉर' वर येत होते, निरनिराळ्या स्वरांत, शेवटी जरा काकुळतीने.

पुस्तकातली काही वाक्ये मुलाने घेतली नव्हती. ती कोणत्याही कामाला बांधता येत नव्हती. ओळखपाळख, मैत्री, आनंद, निरोप घेणे, असल्या गोष्टींना हातात धरायला काही नसते. एकदा आईने त्यातल्या एकावर बोट ठेवून हे काय रे म्हणून विचारले, तेव्हा त्याने ते परीक्षेत येत नाही असे सांगितले. आईने बोट काढून घेतले आणि ती वाटाणे सोलायला बसली.

दुकानात मालक मागच्या खोलीत डोकावले. ते वयस्क आणि सौम्य होते, आणि बोलताना स्वतःच्या चष्म्याची काच पुसायची त्यांना सवय होती, त्यामुळे ज्याच्याशी बोलत त्याला ते कधी नीट पाहत नसत. त्यांनी सांगितले, की आई काल दुकानावरून गेली, बाजारातून येत होती, त्यांना हाक मारून इंग्रजीत काहीतरी बोलली आणि हसत पुढे गेली. मग म्हणाले, खूश दिसते रे तुझी आई.

"वरवर," मुलगा म्हणाला.

मालकांनी चष्मा चढवला आणि त्याच्याकडे पाहिले. मग पुन्हा काढून पुसला.

मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात मावशीने फोनवर सराव घ्यायचे ठरवले. आई कपडे बदलून, केस नीट करून, खुर्चीत ताठ बसली. दोन्ही हात मांडीवर. मुलाने फोन मोठ्या आवाजावर टाकून समोर ठेवला. मावशीने संचालिकेचा आवाज काढला, तो जरा खोकल्यासारखा होता, आणि इंग्रजीत विचारले, की आजारी माणूस जेवत नसेल तर तुम्ही काय कराल?

आई गप्प.

मावशीने प्रश्न पुन्हा विचारला. मग दुसरा विचारला. मग आपल्या आवाजात म्हणाली, "ताई? अगं बोल की. फोन गेला का?"

"फोन आहे," आई म्हणाली. "इंग्रजी गेलं."

ती आपल्या हातांकडे पाहत होती. ते मांडीवर पडले होते, आणि त्यांच्यात काही नव्हते. तिने टेबलावरचा चमचा उचलला, फोनच्या कडेवर दोनदा टकटक केली, आणि आजारी माणसाच्या घासाकडे, गिळण्याकडे, पाण्याकडे कसे लक्ष द्यावे लागते ते तिने भराभर, चुकतमाकत, पण सगळे सांगितले. चमचा खाली ठेवला. पुन्हा गप्प.

मावशीने पलीकडून विचारले, की हे शिकवले कोणी?

मुलाने शांतपणे सांगितले, की चूक त्याची आहे. त्याला वाईट वाटत होते. वाक्ये कामाला बांधताना ती पुन्हा सोडवायची कशी याचा विचार राहून गेला, आणि आता वेळही उरला नाही. असे काही व्हावे असे त्याच्या मनातही नव्हते, हे त्याने दोनदा सांगितले. त्या संध्याकाळी तो नेहमीपेक्षा जास्त जेवला, आणि भात चांगला झाल्याचे म्हणाला. भाताबद्दल तो यापूर्वी कधी काही बोललेला नव्हता.

जेवणानंतर त्याने विषय काढला. म्हणाला, मावशीला कळवून टाकू, पुढच्या वर्षी पाहू, उगीच जिवाला त्रास नको. आई भांडी घासत होती. तिने सगळे ऐकून घेतले, नळ बंद केला, हात पुसले आणि टेबलासमोर जाऊन उभी राहिली. मग वाकून टेबलाखाली पाहिले.

"कॉम्प्युटरला माणूस इथपासून वर दिसतं ना?" तिने छातीशी हात धरून विचारले.

"हो."

"मग खाली कोण बसलंय ते दिसणार नाही."

मुलाला आधी कळले नाही. कळले तेव्हा वाटले की ती थट्टा करते आहे. पण आई खालचे बुटके स्टूल आणायला गेली होती.

योजना तिचीच होती आणि ती अशी. आई टेबलाशी बसणार, कॉम्प्युटर समोर. मुलगा टेबलाच्या कडेला बुटक्या स्टुलावर, कॅमेऱ्याच्या नजरेखाली, मांडीवर ताट घेऊन बसणार. ताटात चमचा, फडके, कपड्यांचे चिमटे, एक रिकामा डबा आणि सासूची कपबशी. प्रश्न ऐकायचा, कोणते वाक्य लागेल ते ओळखायचे, आणि ती वस्तू खालून आईच्या हातात द्यायची. बाकीचे ती पाहून घेईल. मुलाला इंग्रजी उत्तम समजते आणि त्याला तोंड उघडावे लागणार नाही, तेव्हा हे काम त्याच्यासाठीच जन्माला आले आहे, असे तिने वर सांगितले.

त्यांनी आठवडाभर सराव केला. मुलगा प्रश्न वाचून दाखवी आणि मग गुडघ्यात मान घालून वस्तू वर देई. सुरुवातीला घोळ झाले. एकदा चमच्याऐवजी फडके गेले, आणि आईने आजारी माणसाकडे लक्ष देण्याऐवजी त्याची विल्हेवाट लावली. मावशी फोनवर हसता हसता रडकुंडीला आली. 'तुम्हाला इथे का यायचे आहे' या प्रश्नासाठी मुलाने स्वतः एक वाक्य रचून दिले होते, की माझी बहीण तिथे एकटी आहे आणि मला तिची काळजी घ्यायची आहे. त्याला कपबशी. आई ते वाक्य कपबशी हातात घेऊन दर वेळी बिनचूक म्हणे, आणि मुलाला दर वेळी बरे वाटे. त्यात खोटे काहीच नव्हते. बहीण होती, एकटी होती.

मुलाखतीच्या दिवशी इस्त्रीवाल्या काकांनी आईचा ठेवणीतला कोट इस्त्री करून आणून दिला. पुढची बाजू आणि बाह्या अशा कडक की कागद वाटावा; पाठ चुरगळलेली तशीच. आईने विचारले तेव्हा ते म्हणाले, कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही वहिनी, कशाला कोळसा जाळायचा. मग जरा घुटमळले आणि म्हणाले, की पाठ जाताना करून देतील, विमानात बसायच्या दिवशी, फुकट. आईने त्यांना हात हलवून हाकलले. मुलगा तोवर स्टुलावर जाऊन बसला होता.

पडद्यावर संचालिका आल्या. पिकलेले केस, सावकाश बोलणे, आणि मागे कुठेतरी एक कुत्रा, जो प्रत्येक प्रश्नानंतर एकदा भुंके, जणू उत्तराची आठवण करून देत होता. मुलाला त्या दिसत नव्हत्या. त्याला दिसत होते टेबलाचे लाकूड खालच्या बाजूने, तिथे सुताराने पेन्सिलीने ओढलेली एक रेघ, आणि आईचा उजवा हात, जो टेबलाच्या कडेखाली येऊन उघडत होता.

संचालिकांनी विचारले, खोलीत दोन रुग्ण असतील आणि एकच हाक मारत असेल तर? चमचा. आईचा हात वर गेला. वर टकटक झाली. दोघांकडे लक्ष कसे द्यायचे ते आले, त्यात हाक न मारणाऱ्याकडे जास्त. संचालिका 'गुड' म्हणाल्या. औषधांच्या वेळा? चिमटे. एकेक चिमटा टेबलाच्या कडेला लावत आईने सगळ्या वेळांचा हिशेब ठेवून दाखवला. नवे माणूस खोलीत राहायला आले आणि जुने नाराज झाले तर? रिकामा डबा, आईने तो कोपराने बाजूला सारला आणि नव्यासाठी जागा कशी करायची आणि जुन्याला ती आपणच केली असे कसे वाटू द्यायचे, ते सांगितले. कुत्रा भुंकला. संचालिका हसल्या. काम चोख चालले होते. मुलाचा हात एकदाही चुकला नव्हता, आणि आपण कशासाठी इतके चोख काम करत आहोत हे त्याला प्रत्येक वस्तू सोडताना थोडे जास्त कळत होते.

मग संचालिकांनी सावकाश विचारले, की तुमचे घर आहे, मुलगा आहे. तुम्हाला इथे का यायचे आहे?

मुलाने कपबशी उचलली. दोन्ही हातांनी, या घरात ती उचलतात तशी. आईचा हात टेबलाखाली आला आणि उघडला.

कपबशी वर गेली नाही.

तो काही ठरवून थांबला नव्हता. कप बशीत जरा हलला, एवढेच. तो स्थिर व्हावा म्हणून त्याने छातीशी धरला, आणि छातीशी धरल्यावर तो तिथेच राहिला. त्याला फोनवरची ती गप्प बसलेली आई आठवत होती. आता ती तशीच गप्प बसेल. संचालिका पुन्हा विचारतील, मग आणखी एकदा, मग आभार मानतील. कोणी काही केलेले नसेल. संध्याकाळी भात असेल.

आईचा हात त्याच्या डोळ्यांसमोर होता. तळव्यावर विळीचे जुने व्रण, बोटांची टोके पाण्याने मऊ पडलेली. हात वाट पाहत राहिला. बोटे एकदा किंचित हलली, अंधारात खुंटी चाचपावी तशी. मग हात मिटला आणि वर निघून गेला.

टेबलावर दोन्ही तळवे टेकल्याचा आवाज झाला. रिकामे तळवे, लाकडावर ते सपाट वाजतात.

आणि आई बोलू लागली. इंग्रजीतच, सावकाश, संचालिकांच्याच चालीने. ती म्हणाली, की तिने सासूची काळजी घेतली. नवऱ्याची घेतली. मुलाची घेतली, तो आता मोठा आहे, पण त्याला हे कोणी सांगितलेले नाही. ही सगळी तिची माणसे होती. आपल्या माणसांची काळजी घेताना दार लावता येत नाही, संध्याकाळी नाही, कधीच नाही. आता तिला परक्यांची काळजी घ्यायची आहे, काम झाले की कोट चढवून बाहेर पडायचे आहे, आणि रस्त्याने जाताना कोणाची कोण म्हणून ओळखले जायचे नाही.

ती थांबली. मुलाला वाटले, संपले. पण ती शब्द जुळवत होती.

"आय वॉन्ट टु मेक फ्रेंड्स विथ पीपल," ती म्हणाली, "हू डू नॉट नो मी."

कुत्रा भुंकला नाही. संचालिकांनी बहिणीबद्दल विचारले. आई म्हणाली, बहीण आहे तिथे, चांगली आहे, पण ती फार बोलते. पलीकडे संचालिका मोठ्याने हसल्या, आणि त्यांनाही बहीण आहे असे म्हणाल्या. पुढचे सगळे कागदपत्रांचे आणि तारखेचे होते. त्यासाठी कोणतीही वस्तू लागली नाही.

पडदा बंद झाल्यावर आईने वाकून टेबलाखाली पाहिले. मुलगा कपबशी छातीशी धरून बसला होता.

"ठेव ती खाली," ती म्हणाली. "फुटेल."

त्याने ती ताटात ठेवली. पायांना मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे त्याला उठता येईना, आणि उठता येत नाही हे बरे आहे असे त्याला वाटले. आईने कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. चुरगळलेली पाठ वर आली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला काहीतरी करता आले असते.

"ते वाक्य मी शिकवलं नव्हतं," तो म्हणाला.

"पुस्तकात होतं की. तू ओलांडून गेलास ती सगळी मी वाचली."

"पण तुला झोप येते ना."

"त्या वाक्यांना नाही आली," आई म्हणाली.

तिने चहा ठेवला. शेगडीशी पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, की फोनवर त्या दिवशी ती खरेच अडली होती, नाटक नव्हते. आजही हात खाली आणला तेव्हा कपबशीच हवी होती. ती आली नाही, तेव्हा जे आत होते ते बोलली. एवढे सांगून तिने दुधाकडे लक्ष दिले. काही टकटक केली नाही, काही म्हणालीही नाही.

मुलाने चहा घेतला, बूट घातले आणि तो दुकानाला निघाला. जिन्याच्या तळाशी इस्त्रीवाले काका हातातली इस्त्री उभी करून वाट पाहत होते. त्यांनी विचारले, की वहिनी सुटल्या की अडकल्या.

"पास झाली," मुलगा म्हणाला.

काकांनी मान डोलावली. इस्त्री पुन्हा कापडावर ठेवली, एक बाही सपाट केली, आणि मग त्याच्याकडे न पाहता, त्याने इतके दिवस जे सांगितले होते त्याला धरून, समजुतीच्या सुरात म्हणाले, की बहिणीचा हट्ट म्हणजे मोडवत नाही, काय करणार बिचाऱ्या.

मुलगा दारात थांबला. होकार द्यायला फक्त मान हलवायची होती. बाहेर रस्त्यावर भाजीवाला गाडी ढकलत चालला होता, आणि वर स्वयंपाकघरात कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज येत होता.

"हट्ट नाही, काका," तो म्हणाला. "आईला जायचंय."